मागे पंखा चालू आहे का?

अल्बम सुरू होऊन पंधरा सेकंदंही झाली नसतील, तेवढ्यात प्रश्न आला, "मागे पंखा चालू आहे का?" विचारणारा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, कानात बाहेरचा आवाज बंद करणारे चांगल्यातले इअरबड. मागणीही त्याचीच होती: "दादा, इंडी-बिंडीतलं काहीतरी सांग ना. प्लेलिस्ट नको, अख्खा अल्बम." इंडी म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेर, स्वतंत्रपणे केलेलं संगीत. सांगितला तो एलियट स्मिथ या अमेरिकन गायक-गीतकाराचा 'रोमन कँडल', १९९४ चा, नऊ गाणी, जेमतेम अर्धा तास. त्याने एक इअरबड काढून वर पाहिलं. पंखा बंद होता. इअरबड परत घातला, आणखी थोडं ऐकलं आणि निकाल दिला, "रेकॉर्डिंगच खराब आहे. साफ केलेलं व्हर्जन नाही का कुठे?" मग फोन खिशात गेला आणि विषय परीक्षेवर.

न आवडण्याबद्दल तक्रार नाही. एलियट स्मिथ पहिल्या फटक्यात न आवडणारे पुष्कळ आहेत, त्यांचे कान काही बिघडलेले नसतात. टोचत राहिला तो 'साफ' हा शब्द. भांड्याला लागलेली राख धुवावी तसा हा आवाज धुऊन काढता येतो आणि खालून लख्ख गाणं निघतं, असं त्यात धरून चाललेलं आहे. घरात, तळघरात, स्वयंपाकघराच्या टेबलावर कॅसेटवर भरलेल्या या अल्बमांच्या बाबतीत ते खरं नाही. कल्हई खरवडत गेलं तर शेवटी हातात भांडंही राहत नाही, तशातली गत.

तो शूं आवाज म्हणजे टेपची हिस. प्लॅस्टिकच्या फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण थापलेले असतात. गाणं भरलं जातं तेव्हा त्यांचं चुंबकत्व एका शिस्तीत लागतं, पण शिस्त कधीच शंभर टक्के नसते. जे कण आपल्या मर्जीने उभे राहतात त्यांचा एकत्रित गलका म्हणजे हिस. फीत जितकी रुंद आणि जितकी वेगात धावणारी, तितके जास्त कण गाण्याच्या वाट्याला येतात आणि गलका दबतो. मोठ्या स्टुडिओत २ इंच रुंदीची फीत सेकंदाला ३८ किंवा ७६ सेंटिमीटर वेगाने पळायची. आपली साधी कॅसेट ३.८१ मिलिमीटर रुंद आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर रांगणारी. त्यातही दोन बाजू, प्रत्येक बाजूला डावा-उजवा, म्हणजे एकेका पट्ट्याच्या वाट्याला मिलिमीटरही नाही. अशा गल्लीतून गाणं नेलं की दोन्ही भिंतींना अंग घासणारच.

आपल्याकडे हा आवाज कुणाला नवा नव्हता. दुकानात यादी देऊन कॅसेट भरून घेण्याचा काळ फार लांबचा नाही. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हेडवर मळ चढून आवाज बसला की कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसायचं. कुणाच्या तरी दिवाणखान्यात झालेल्या गाण्याच्या बैठकीची कॅसेट, तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी अशी घरोघर फिरायची. तिसऱ्या कॉपीपर्यंत तबल्याची चाट मऊ पडलेली, तानपुरा आणि हिस यांच्यातली सीमा पुसट झालेली, मध्येच कुणीतरी खोकलेलं, कपबशी वाजलेली. तरी ऐकणारे मान डोलावून ऐकायचे, आणि 'साफ केलेली आहे का' असं विचारल्याचं ऐकिवात नाही. उलट ज्याच्याकडे पहिली कॉपी त्याचा रुबाब असायचा. म्हणजे हिसच्या आरपार ऐकण्याची सवय आपल्या कानाला होती. ती एका पिढीत गेली. वाईट झालं असं लगेच म्हणवत नाही, कारण त्या तिसऱ्या कॉपीत किती श्रुती गाडल्या गेल्या तेही आठवतं.

पण बैठकीची कॅसेट आणि 'रोमन कँडल' यांत एक फरक आहे. बैठकीत गाणं आधी पूर्ण झालेलं होतं, कॅसेटने ते फक्त पकडलं. इथे गाणं कॅसेटवरच बांधलं गेलं.

१९७९ मध्ये टीअ‍ॅक कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ नावाचं यंत्र आणलं. बेताची पेटी, वर चार फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, बाजूला कॅसेटचा खण. करामत अशी की कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे चारही पट्टे एकाच दिशेने वापरायचे आणि फीत दुप्पट वेगाने पळवायची, सेकंदाला सुमारे ९.५ सेंटिमीटर. एकदा पलटायची सोय गेली आणि वेग दुप्पट झाला, म्हणून ६० मिनिटांच्या कॅसेटमध्ये १५ मिनिटं मावतात, ९० च्या कॅसेटमध्ये साडेबावीस. १२० ची कॅसेट या यंत्रात घालू नये, तिची फीत फार पातळ असते, ताणली जाते आणि सूर हलतो. अशी भरलेली कॅसेट घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये लावली तर गंमत ऐकायला मिळते: एका बाजूने दोन ट्रॅक निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली, म्हशीसारखे हंबरत चाललेले, पलटली की उरलेले दोन तितकेच संथ आणि वर उलटे.

चार ट्रॅक म्हणजे चार जागा. गिटार, गळा, दुसरा गळा, दुसरी गिटार, संपलं. आणखी काही हवं असेल तर बाउन्स करायचं: तीन ट्रॅक भरायचे, त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि पहिले तीन पुसून मोकळे करायचे. उतरवतानाच एक वाद्य थेट वाजवून त्यात घातलं तर चौथ्यावर चार गोष्टी बसतात. मग पहिल्या-दुसऱ्यावर दोन भरून, एक थेट वाजवत तिसऱ्यावर उतरवायचं. तिथे तीन बसल्या. मग पहिल्यावर एक, एक थेट, दुसऱ्यावर दोन. शेवटी पहिल्यावर एक. चार, तीन, दोन, एक. चार ट्रॅकमध्ये दहा आवाज. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात पहिल्या बाउन्सनंतर जे पुसलं ते गेलं. गळा चढल्यावर कळतं की खालचा बेस फारच दबलाय, पण तो आता ड्रमसोबत एकाच पट्ट्यावर घट्ट बसलेला असतो; वर करावा तर झांजही वर येते. शिवाय प्रत्येक उतरवणीत हिसची बेरीज होते. तीन ट्रॅकची हिस एकावर आली की ती सुमारे ५ डेसिबलने वाढते, आणि वरच्या पट्टीतली चमक एकेक पायरी उतरत जाते. म्हणून अनुभवी माणूस बेससारखे जाड आवाज आधी उरकतो आणि गळा शेवटच्या, कोऱ्या ट्रॅकवर ठेवतो. या प्रकारच्या बहुतेक अल्बमांत ड्रम घोंगडीखाली आणि गळा तोंडाजवळ असतो, त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं म्हणजे शेजारी झोपलेले असतात.

'रोमन कँडल' पोर्टलंडमधल्या एका घराच्या तळघरात, उसन्या चार ट्रॅकच्या यंत्रावर भरला गेला. तो अल्बम म्हणून काढायचा असं ठरलेलंही नव्हतं. नऊपैकी चार गाण्यांना नावच नाही: 'नो नेम' आणि पुढे १, २, ३, ४. ऐकताना लक्ष द्यायचं ते गळ्याकडे. एलियट तीच ओळ दोनदा गातो आणि दोन्ही गळे एकावर एक ठेवतो. एकच रेकॉर्डिंग दुप्पट केलं तर नुसता आवाज मोठा होतो. दोनदा गायलं की श्वासात, शब्दाच्या शेवटात, सुराच्या लागण्यात केसाएवढा फरक पडतो, आणि तो फरकच गळ्याला जाडी देतो. वारकऱ्यांच्या भजनात दोन आवाज एका ओळीवर बसतात तेव्हा जे होतं तेच, फक्त इथे दोन्ही वारकरी एकच आणि दोघेही कुजबुजतायत. शीर्षक-गाण्यात हे फार परिणाम करतं, कारण शब्द रागाचे आहेत आणि आवाज मात्र उशीत तोंड खुपसल्यासारखा. तारांवरून बोटं सरकताना होणारी चीं चीं जशीच्या तशी आहे. काही ठिकाणी ती गळ्यापेक्षा मोठी आहे.

आणि इथे त्या मुलाचा प्रश्न पुन्हा समोर येतो, कारण साफ केलेलं व्हर्जन खरंच आहे. २०१० मध्ये हा अल्बम नव्याने निघाला तेव्हा लॅरी क्रेनने, जो एलियटचा मित्र आणि ध्वनिमुद्रक, त्यातली तारांची चीं चीं आणि कानात टोचणारे 'स' थोडे मऊ केले. ऐकणं सुसह्य व्हावं हा हेतू होता, आणि काम बेताने केलं आहे. हिस धुऊन काढलेली नाही. दोन्ही ऐकून पाहिले तर पंचाईत होते. लांब ऐकायला नवं बरं वाटतं, कान शिणत नाहीत. पण जुन्यात बोट सरकलं की कुणीतरी जवळ बसलंय हे कळायचं, नव्यात ते दोन हात मागे सरकतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नवंच द्यावं. दुसऱ्या महिन्यात जुनं.

खरं म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'रोमन कँडल' देणं हीच चूक होती. या वाटेला लागणाऱ्याच्या हातात आधी आयर्न अँड वाइनचा 'द क्रीक ड्रँक द क्रेडल' ठेवावा. २००२, सब पॉप कंपनी, ११ गाणी. आयर्न अँड वाइन म्हणजे एकटा सॅम बीम, तेव्हा मायामीत सिनेमा शिकवणारा मास्तर. सगळं घरी, चार ट्रॅकवर: गिटार, बँजो, स्लाइड गिटार, आणि स्वतःच्याच गळ्याची दुसरी पट्टी. इथेही हिस आहे, पण ती त्रास देत नाही, कारण गाण्यांची चालच पाळण्याची आहे आणि शूं आवाज त्या लयीत मुरतो. सहावं गाणं, 'अपवर्ड ओव्हर द माउंटन', आईला उद्देशून आहे. त्यात फारसं काही घडत नाही. एकच चाल फिरत राहते आणि मुलगा एकेक आठवण काढत आईला सांगत राहतो, काळजी करू नकोस. ते रात्री दिवे मालवून ऐकायचं. मग लगोलग त्याचाच पुढचा, २००४ चा 'अवर एंडलेस नंबर्ड डेज' लावायचा. तो रीतसर स्टुडिओत झाला. हिस गेली, बँजोची एकेक तार मोकळी झाली, गळ्याभोवती हवा आली. अल्बम उत्तमच आहे, काहींच्या मते जास्त चांगला. पण दोन्ही सलग ऐकल्यावर काय गेलं ते कान आपोआप सांगतो: पहिल्यात खोली होती, दुसऱ्यात फक्त वाद्यं आहेत.

अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा 'नेब्रास्का' इथे घ्यावा का यावर वाद घालता येईल, कारण तो कोलंबियासारख्या बड्या रेकॉर्ड कंपनीने काढला. इंडी म्हणजे कंपनी कोणती यावर ठरत असेल तर तो बाद. पण घरच्या कॅसेटवर केलेला अल्बम जगापुढे ताठ मानेने उभा राहू शकतो हे पुढच्या अनेकांना त्यानेच दाखवलं. १९८२ च्या ३ जानेवारीला, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक इथल्या भाड्याच्या घरात, तोच पोर्टास्टुडिओ १४४, दोन शुअर एसएम ५७ माइक, आणि एका दिवसात बहुतेक गाणी. दोन ट्रॅकवर गळा आणि गिटार, उरलेल्या दोनवर जिथे हवं तिथे माउथ ऑर्गन, दुसरा गळा, खंजिरी. मग ते सगळं एका इकोच्या यंत्रातून काढून, पाण्यात भिजून सुकलेल्या टू-इन-वनवर उतरवलं. बँडला ऐकवून नंतर स्टुडिओत तीच गाणी पुन्हा वाजवून पाहिली, पण जमेना. जे होतं ते त्या कॅसेटवरच होतं, आणि ती कॅसेट कव्हरशिवाय जीनच्या खिशात फिरत होती. रेकॉर्ड कापायला, म्हणजे तबकडीत खाच कोरायला घेतली तर तो दबका आवाज सुईला पकडता येईना. शेवटी नेहमीपेक्षा बरीच खाली पातळी ठेवून कापावी लागली. ऐकताना एक खबरदारी: 'स्टेट ट्रूपर' लागलं की हळू आहे म्हणून आवाज वाढवू नका. शेवटाकडे तो अचानक किंचाळतो. हेडफोन असेल तर चहा सांडतो.

इथून गोव्यात येणं ओढूनताणून वाटेल, पण काळ तोच आणि यंत्राची जात तीच. रेमो फर्नांडिस हिंदी सिनेमातला गायक म्हणून सगळ्यांना माहीत. त्याच्या आधीचा रेमो मुंबईच्या जे. जे. मधून आर्किटेक्ट झालेला आणि शिवोलीच्या घरात बसून चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर एकट्याने अल्बम करणारा. 'गोअन क्रेझी' १९८४ चा. वाद्यं स्वतःची, सगळे गळे स्वतःचे, यंत्रावर स्वतः, कव्हर स्वतः काढलेलं, आणि तयार कॅसेटी पिवळ्या स्कूटरवर लादून दुकानोदुकानी पोचवणाराही स्वतःच. पुढे १९८६ चा 'पॅक दॅट स्मॅक'ही निघाला, पण सुरुवात 'गोअन क्रेझी'पासून करावी. त्या सुमाराला इंग्रजीत गाणारे आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणी हुबेहूब वाजवण्यात धन्यता मानत होते. हा माणूस इंग्रजीत गोव्याचीच टर उडवत होता, गोव्याच्याच उच्चारात. एकट्याने थर चढवल्यावर जे होतं ते इथे ऐकू येतं: सगळ्या वाद्यांचा स्वभाव एकच. बँडमध्ये ड्रमर घाईत असतो, बेसवाला रेंगाळतो, त्या ओढाताणीतून लय जिवंत राहते. एकाच माणसाने पाठोपाठ वाजवलं की ती ओढाताण जाते आणि तिच्या जागी एक खट्याळ एकमत येतं. विनोदी गाण्याला ते शोभतं. भारतीय इंडीचा इतिहास महानगरांतल्या क्लबांपासून सांगणारे शिवोलीच्या या घराला एका ओळीत उरकतात, ते पटत नाही.

हिसची धास्ती जाईपर्यंत गायडेड बाय व्हॉइसेस या बँडचा 'बी थाउजंड' लावू नये. १९९४, ओहायोतलं डेटन, म्होरक्या रॉबर्ट पोलार्ड शाळामास्तर, वय ३६. गॅरेजमध्ये, तळघरात, सुटीच्या दिवशी मित्र जमवून भरलेली २० गाणी, एकूण ३६ मिनिटं. बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आत आटोपतात. एक चांगली चाल सुचली, ती एकदा म्हटली, झालं, दुसरं कडवं कशाला. पहिल्याच गाण्यात, 'हार्डकोर यूएफओज'मध्ये, गिटार मध्येच गायब होते आणि पुन्हा उगवते. नवखा माणूस इथे फोन आपटतो किंवा इअरबड पुसतो. इअरबड ठीक आहे. रेकॉर्ड होताना जे बिघडलं ते तसंच ठेवलंय, आणि त्याच गाण्याने अल्बम सुरू करण्याचा आगाऊपणाही केलाय. शेफारलेपणा म्हणावा का? थोडा आहे. पण तिसऱ्यांदा ऐकताना त्या गायब होण्याची वाट पाहिली जाते, आणि गिटार परत येते तेव्हा ती आधीपेक्षा मोठी वाटते. कुणी मुद्दाम ठरवून हे केलं असतं तर कळलं असतं.

मुद्दाम करणाऱ्यांचं सध्या पेव फुटलंय हे खरं. संगणकावर स्वच्छ भरायचं आणि वरून टेपचा फिल्टर टाकायचा, चाट मसाल्यासारखा. ओळखायची खूण सोपी आहे. टाकलेली हिस गाण्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत चादरीसारखी एकसारखी पसरलेली असते. खऱ्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंगमध्ये ती पायऱ्यांनी चढते. मिक्स करणारा माणूस ज्या ट्रॅकवर अजून काही नाही त्याचा फेडर खाली ठेवतो आणि वाद्य यायच्या क्षणभर आधी वर उचलतो. त्याबरोबर त्या पट्ट्याची हिसही वर येते. शांत हेडफोनवर नीट ऐकलं तर दुसरी गिटार लागण्याच्या अर्धा सेकंद आधी खोलीची हवा किंचित जाड झाल्यासारखी वाटते. कुणीतरी दार उघडून आत आलं, अजून बोललं नाही. काही यंत्रांवर हिस दाबणारी डीबीएक्ससारखी सोय असे, तिथे उलट प्रकार: वाद्य वाजलं की हिस फुगते, थांबलं की बसते, जणू गिटार दमा लागल्यासारखी श्वास घेते. तो दोषच आहे, त्याचं कौतुक करायचं कारण नाही, पण एकदा ओळखू आला की चिडचिड होत नाही.

आता त्या मुलाच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण अर्धा गुन्हा त्याच्या इअरबडचा होता. बाहेरचा आवाज बंद केला की रस्ता, मिक्सर, शेजारचा टीव्ही, सगळं जातं, आणि ज्या गोंगाटाखाली हिस लपली असती तो गोंगाटच उरत नाही. अल्बम उघडा पडतो. घरी ऐकताना ते बटण बंद ठेवावं किंवा सरळ स्पीकरवर, दिवसाच्या नेहमीच्या आवाजांत ऐकावं. दुसरं, फोनमधलं अ‍ॅप डेटा वाचवण्यासाठी कमी दर्जाला लावलेलं असतं. गाणं लहान करताना अ‍ॅप जे ऐकू येणार नाही ते गाळतं. हिसमध्ये सगळ्याच पट्ट्या सारख्या भरलेल्या, त्यामुळे काय गाळावं ते त्याला कळत नाही आणि शूं आवाजाचं बुडबुड होतं, पाण्यात कुणी कुजबुजल्यासारखं. तो आवाज टेपचा नसतो. दर्जा सगळ्यात वरच्या पायरीला ठेवला की जातो. आवाज सारखा करणारी सोय बंद करावी, नाहीतर अ‍ॅप हळू गाण्याला खेचून वर आणतं आणि हिसही सोबत येते. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता दुसऱ्यात मिसळण्याची सोय, शून्यावर. आणि इक्वलायझरवर वरची पट्टी कापण्याचा मोह आवरावा. हिस राहते ४ ते १० किलोहर्ट्झच्या वस्तीत, आणि तिथेच 'स', 'श', श्वास आणि तारेवरचं नख यांची घरं आहेत. हिस काढणारी नवी एआय साधनं याहून हुशार असतात, पण तीही घाबरट: शब्द संपून श्वास हवेत विरतो ती शेपटी त्यांना हिससारखीच दिसते, मग ती छाटतात. गळा ओळीच्या शेवटी कात्रीने कापल्यासारखा थांबतो. कुजबुजून गाणाऱ्या माणसाची निम्मी गाणी त्या शेपटीतच असतात.

याच्याही पलीकडे, जिथे चार ट्रॅक म्हणजे चैन, तिथला डॅनियल जॉन्स्टन. 'हाय, हाउ आर यू', १९८३, टेक्सस. साधा टेपरेकॉर्डर, त्याचाच माइक, एक खेळण्यातल्यासारखा ऑर्गन, आणि भावनेच्या भरात सुरावरून घसरणारा गळा. सुरुवातीला कॅसेटची कॉपी काढायचं साधन नव्हतं, तेव्हा कुणी मागितली की तो गाणी पुन्हा पहिल्यापासून म्हणून नवी कॅसेट भरायचा. ऑस्टिनच्या मॅकडोनाल्डमध्ये काम करता करता या कॅसेटी वाटायचा. हा अल्बम शिफारस करताना हात आखडतो. त्याचं मन आजारी होतं आणि तो आजार रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतो. काही जण ते 'निरागस' म्हणून ऐकतात तेव्हा अवघडायला होतं. पण चाली अस्सल आहेत. ज्याला ऐकायचा त्याने पूर्ण ऐकावा, नमुना म्हणून एखादं गाणं नको.

त्या मुलाला पुढच्या वेळी द्यायचा अल्बम मात्र ठरला आहे: माउंटन गोट्सचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सस', २००२. १४ गाणी, एक माणूस, एक गिटार. तो माणूस म्हणजे जॉन डार्नील. त्याने ही गाणी पॅनासॉनिक आरएक्स-एफटी ५०० नावाच्या टू-इन-वनवर, त्याच्या अंगातल्याच माइकवर भरली. गाणं सुचलं की लगेच, बहुतेकदा त्याच दिवशी, शब्द ताजे असतानाच. पहिलंच गाणं डेंटन गावातल्या दोन पोरांच्या डेथ मेटल बँडचं आहे. बँड कधी पुढे गेला नाही, आणि का गेला नाही हे गाणं आपल्याला सांगतं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला ते बरोबर लागेल. टू-इन-वनमध्ये माइक आणि मोटर एकाच पेटीत, वीतभर अंतरावर. त्यामुळे गिटार सुरू व्हायच्या आधी, मधल्या थांब्यांत आणि शेवटची तार विरल्यावरही मागे एक घरघर चालू राहते. चाक फिरतंय, फीत ओढली जातेय, ते सगळं गाण्यात उतरलंय. तो पुन्हा एक इअरबड काढेल, वर पाहील आणि विचारेल, मागे पंखा चालू आहे का.

या वेळी उत्तर हो असं देता येईल. पंखा नाही, पण काहीतरी फिरतंय खरं.